मोटेच्या चामड्याचा बूट

माझ्या नवऱ्याची नजर एका दिवसात गेली नाही. आधी कडा गेल्या. समोरचा माणूस दिसायचा, पण त्याच्या बाजूला उभा असलेला दिसायचा नाही. मग समोरच्याचा चेहराही धुरकट झाला. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं, मोतीबिंदू असता तर काढला असता, हा काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही. तेव्हा त्यांचं वय बेचाळीस होतं आणि माझं छत्तीस. आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेच्या कडेला आमची टिनाची शेड होती. ते गाड्यांचे मिस्त्री होते. इंजिनाचा आवाज ऐकून आतला आजार सांगायचे, तो हुन्नर डोळ्यांवर अवलंबून नव्हता. पण नट बोल्टावर सरळ बसला की तिरका, हे ओळखायला नजर लागते. एकदा त्यांनी ट्रकच्या चाकाचा नट तिरका चढवला, जोर लावला आणि बोल्टाचे आटे मारले गेले. ट्रकवाला शिव्या देऊन गेला. ते भट्टीच्या राखेजवळ बसून म्हणाले, "शेड बंद करू. तुह्या बाबाकडं धानाच्या बांधीत राबू."

मी म्हणाले, "बांधीत तुम्ही काय करसाल? चिखल काय नट आहे, हातानं समजाले?"

त्या दिवसापासून नट मी लावायला लागले. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण नट लावायला चौथीसुद्धा लागत नाही. गिऱ्हाईक समोर असलं की पाना त्यांच्या हातात असायचा आणि मी चहाचा कप घेऊन उभी राहायचे. गिऱ्हाईक पानठेल्यावर गेलं की कप खाली ठेवून मी गाडीखाली शिरायचे. एक वर्ष आम्ही असं काढलं. मिस्त्रीला दिसत नाही हे कोणाला कळलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून एक सायकलसुद्धा आमच्याकडे आली नसती. लोकांची चूक नाही. मीसुद्धा आंधळ्या न्हाव्यापुढे मान दिली नसती.

मग ती गाडी आली.

ती लढाईच्या काळातली परदेशी गाडी होती. लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत मच्छीमारांच्या एका सोसायटीकडे आली होती, आणि मागच्या साली एकदा आमच्याकडे येऊन गेली होती. ट्रकपेक्षा लहान, जीपपेक्षा मोठी, आणि चारही चाकं ओढणारी. चिखल, नाला, धानाची बांधी, काही म्हणजे काही ती सोडत नसे. सोसायटीला ती एकाच कामासाठी हवी होती. पावसाळ्यात तलाव भरले की त्यांत मासोळीचं बी टाकतात. त्याला जिरं म्हणतात, कारण ते जिऱ्याएवढंच असतं. बाहेरून ट्रकने आलेलं जिरं शहापूरला उतरायचं आणि तिथून आतल्या तलावांवर जायचं. बैलगाडीने नेलं तर दिवस जायचा आणि जिरं वाटेतच मरायचं.

सोसायटीचा ड्रायव्हर ढिवराच्या, म्हणजे मच्छीमाराच्या घरचा, आमच्याच वयाचा, तोंडाचा फाटका. गाडी उभी करून म्हणाला, "मिस्त्री, वळवताना कटकट वाजून राहिली. ह्या चाकात." त्याने बोट दाखवलं. माझा नवरा वाकला आणि त्याने डाव्या चाकावर हात ठेवला.

ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, मी उजवं दाखवून राहिलो."

"दोन्ही पाहावं लागते."

 ड्रायव्हरने आपला पंजा हळूच नवऱ्याच्या तोंडासमोर नेला आणि हलवला. मी चहाचा कप घेऊन उभी होते, मी पाहिलं. नवऱ्याची पापणी हलली नाही.

"कधीपासून गा?" ड्रायव्हरने विचारलं.

नवऱ्याला कळलं काय झालं ते. पाना हातात तसाच धरून ते म्हणाले, "दोन वर्षं होऊन राहिली."

"मंग मागच्या साली माह्या गाडीचे ब्रेक कोनं केले?"

"मी केले," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे खालून वर पाहिलं. "तरीच! दाबले का गाडी लाजून थांबते." मग हसणं बंद करून म्हणाला, "पाय वैनी, ब्रेकचं वेगळं. आमच्या बाया रस्ताभर हंड्यातलं पानी हातानं हालवत राहते, तवा ते जिरं जिवंत राहते. गाडी बांधीच्या मधात थांबली त सारं मरते. मंग तलावात सालभर बेंडकं धरा. मी गाडी नागपूरले नेतो. तुमचं मी कोनाले सांगत नाही. पन कोनी पुसलं, त खोटं बी नाही सांगत."

म्हणजे सांगणारच. त्याच्या गाडीला हायवेवरचे सगळे ओळखत होते आणि गाडी आमच्या शेडवरून पुढे का गेली हे कोणीतरी पुसणारच होतं.

मी म्हणाले, "जिरं कधी येते?"

"पंधरा-सोळा दिवसांनी. तलावात पानी आलं का."

"मंग गाडी ठेव. जिरं पोचेपर्यंत चाक वाजलं, त तू साऱ्या हायवेले सांग. आम्ही शेड मोडून टाकू."

नवरा म्हणाला, "अवो!" एवढंच.  नागपूरला त्या गाडीचं सामान मिळत नाही, हे ड्रायव्हरलाही माहीत होतं. त्याने चावी माझ्या हातात दिली, नवऱ्याच्या नाही.

आता ते चाक कसं असतं ते सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. साध्या गाडीचं पुढचं चाक फक्त वळतं, ओढत नाही. ह्या गाडीचं पुढचं चाक वळतंही आणि ओढतंही. म्हणजे एक्सल इंजिनाकडून ताकद आणतो आणि चाकाजवळ येऊन त्याला वाकावं लागतं, वाकलेला असतानाच फिरावं लागतं. जिथे वाकतो तिथे एक सांधा असतो. त्या सांध्यात ग्रीस भरलेलं असतं आणि वरून एक पिशवी चढवलेली असते. तिला मिस्त्री लोक बूट म्हणतात. बुटाची दोन्ही तोंडं क्लॅम्पने आवळलेली असतात. बूट फाटला की चिखल आत जातो, ग्रीस बाहेर येतं आणि सांधा स्वतःला खातो.

उजव्या चाकाचा बूट फाटून लोंबत होता, त्याचे क्लॅम्प गंजून तुटले होते. ड्रायव्हरने दोनदा ट्यूबचं रबर गुंडाळून पाहिलं होतं, दोन्ही वेळा ते फाटलं होतं. डाव्या चाकाचा शाबूत होता, पण त्याचीही शिवण सुटायला आली होती.

गाडी जॅकवर घेतली, खाली सागाचा ओंडका सरकवला. चाक काढलं, ड्रम काढला, मागचे बोल्ट काढले. नवरा बाजूला पोत्यावर बसून सांगत होता, मी करत होते. बोल्ट सुटला की त्यांच्या हातात द्यायचा, ते नखाने आटे पाहायचे. सगळं सुटल्यावर मी एक्सल ओढला. तो चिखलाने माखलेला, मुसळाएवढा बाहेर आला आणि त्याच्या टोकाला तो सांधा होता.

रॉकेलने धुतला. तीनदा धुतला. मग त्यांनी सांध्याच्या आतला पिंजरा एका बाजूला तिरका केला आणि माझ्या तळहातावर एक लोखंडी गोळी पडली. बोरापेक्षा मोठी. मग दुसरी. सहा गोळ्या होत्या.

"कोनती कोनत्या घरातून आली ते ध्यानात ठेव," ते म्हणाले. "जी ज्या घरातली, तिले त्याच घरात घालावं लागते. इतके वर्षं संगं घासल्या, आता जागा बदलली त भांडते."

सहा गोळ्या, सारख्या दिसणाऱ्या. कुठे ठेवू? मी घरात गेले आणि मसाल्याचा डबा आणला. त्यात गोल वाट्या असतात, सहा भोवती आणि एक मधे. हळद, तिखट, जिरं, मोहरी सगळं परातीत ओतलं, वाट्या पुसल्या आणि पिंजऱ्याच्या घराप्रमाणे एकेका वाटीत एकेक गोळी ठेवली. मधल्या वाटीत सांध्यातली लहान पिन ठेवली. पत्र्यावर खूण करून पहिली वाटी कोणती ते ठरवलं.

सासू दारात होती. "तिखट-मिठाच्या डब्यात लोखंड! आता वरणात काय नट टाकसीन?"

मी म्हणाले, "मामी, आठ दिवस परातीतलं तिखट घ्या."

"परातीत काय, मी तुह्या हातचं खातच नाही," सासू म्हणाली. रात्री खाल्लं.

एका गोळीवर गंजाचा डाग होता. नवऱ्याने ती जिभेवर फिरवली. नखाला जे कळत नाही ते जिभेला कळतं, म्हणाले. थुंकून म्हणाले, "खड्डा नाही. नुसता डाग आहे. चालते."

गोळ्या परत घालून झाल्यावर त्यांनी एक काम केलं, ते मी अजून विसरले नाही. एक्सलचं लांब टोक स्वतः धरलं, सांध्याच्या पलीकडचं आखूड टोक माझ्या मुठीत दिलं आणि मला ते वाकवायला सांगितलं. मी वाकवलं, कोपर वाकतं इतकं. मग ते आपलं टोक फिरवायला लागले. माझ्या मुठीतलं टोक फिरलं. वाकडंच होतं, पण फिरताना कुठे अडखळलं नाही, झटका नाही, थांबणं नाही, विहिरीच्या रहाटासारखं एकसारखं फिरत राहिलं. मी आणखी वाकवलं. तरी तसंच. सहाही गोळ्या आपापल्या नालीत पुढे-मागे सरकत होत्या, आणि वाकड्या रस्त्यातून ताकद सरळ येऊन माझ्या तळहाताला लागत होती.

मी सहसा तोंडात बोट घालणारी बाई नाही. देवळात गेले तरी लोक हात जोडतात म्हणून जोडते. पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. हे कोणीतरी बसून विचार करून काढलं असेल. कोणत्या देशात, कोणत्या भाषेत बोलत, देव जाणे. आणि ते इथे, शहापूरच्या टिनाच्या शेडीत, रॉकेलच्या वासात माझ्या मुठीत फिरत होतं.

"समजलं?" नवऱ्याने विचारलं.

"नाही समजलं," मी म्हणाले. "पन पाहिलं."

"मले उलटं आहे," ते म्हणाले. आम्ही दोघेही हसलो.

आता बूट. नागपूरच्या भंगार बाजारात निरोप पाठवला, तिथून निरोप आला की असलं रबर मिळत नाही. चार दिवस त्यातच गेले. पाचव्या दिवशी नवरा जुना फाटका बूट हातात घेऊन चुरगाळत बसला होता. वास घेतला. म्हणाला, "वो, हे रबर नाही."

वरून काळा रंग, ग्रीसचा थर, कोणीही रबरच म्हटलं असतं. ड्रायव्हर म्हणत होता, नागपूरचे म्हणत होते, मी म्हणत होते. डोळे असलेल्या सगळ्यांनी रबर पाहिलं. मी एक तुकडा कापून चुलीत धरला. केस जळाल्याचा वास आला. चामडं होतं.

चामडं म्हटल्यावर मला मोट आठवली. माझ्या बाबाच्या वाडीतल्या विहिरीवर आधी मोट होती, मग मोटर बसली आणि मोट गोठ्याच्या आढ्याला टांगली गेली. मोटेला खाली एक सोंड असते, चामड्याची नळी, तिच्यातून पाणी विहिरीच्या काठच्या थारोळ्यात पडतं. जाड, पण वाकणारी. मी दुसऱ्या दिवशी माहेरी गेले आणि सोंड कापून आणली. बाबाने विचारलं, "काहून नेतं?" मी म्हणाले, "गाडीले बूट शिवाचा आहे." बाबाने पुढे विचारलं नाही. माझ्याबद्दल त्याने विचारणं कधीच सोडलं होतं.

माहेरच्या गावात मोटा शिवणारा म्हातारा होता. मोटा गेल्यावर त्याचं काम गेलं होतं. त्याने मला आरी दिली, चामड्याची वादी कशी कापायची, टाका कसा आत दाबायचा ते दाखवलं. माझ्या काकूने ओसरीवरूनच टोमणा मारला, "कुणब्याची लेक चामडं शिवून राहिली!" मी म्हणाले, "ह्याच चामड्यातलं पानी जलमभर प्यालीस ना काकू, तेव्हा नाही बाटलीस?" म्हातारा खाली मान घालून हसत होता. मला म्हणाला, "बाई, एकच ध्यानात ठेवजा. चामडं रातभर भिजवा आन् ओलंच शिवा. कोरडं शिवलं का मोट गळते."

त्याचं बरोबर होतं. मोटेसाठी बरोबर होतं. त्यालाही आणि मलाही आठवलं नाही की मोट जन्मभर पाण्यात राहते.

मी सोंड रात्रभर भिजवली. सकाळी एक्सल परत बसवला, सोंड सांध्यावर गुंडाळली, ओलीच शिवली, चाक सरळ ठेवून दोन्ही तोंडं तारेने बांधली. इतकी नीट बसली की मीच दोनदा हात फिरवला. त्या साली मृग कोरडा गेला होता आणि ऊन भट्टीसारखं होतं. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर आला, गाडीत बसला, स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवलं. चर्र आवाज झाला. डावीकडे फिरवायला गेला तर स्टिअरिंग अर्ध्यावर अडकलं.

मी खाली वाकून पाहिलं. चामडं वाळून आखडलं होतं. शिवण वीतभर फाटली होती आणि एक तोंड तारेतून सुटून वर चढलं होतं, पोरीचा परकर आखूड व्हावा तसं.

ड्रायव्हर उतरून पाहायला आला. "वैनी, बूट नाही हे. लंगोट झाला."

मी सुटलेली तार सोडवायला लागले.  तो बोटं मोजत म्हणाला, "पाच दिवस राहिले. पानी पडलं का जिऱ्याचा ट्रक निंगन." आणि गेला. ह्या वेळी हसत गेला नाही.

नवऱ्याने हात घालून शिवण चाचपली, आखडलेलं चामडं चाचपलं. बराच वेळ चाचपत होते. मला वाटलं आता म्हणतील, शेड मोडू. ते म्हणाले, "वो, तू मोट शिवली. ही मोट नाही. मोट ओली राहते आन् इकडं-तिकडं वळत नाही. ह्याले कोरडं राहायचं आहे आन् दोन्हीकडं वळायचं आहे. तू सरळ चाकाचं माप घेतलं. सरळ चाक त फक्त उभ्या गाडीचं असते."

सोंडेचा अर्धा भाग उरला होता. चूक करायला आता चामडं नव्हतं. मी ते सावलीत पूर्ण वाळू दिलं, आखडायचं तितकं आधीच आखडू दिलं. मग मोहाच्या बियांचं तेल कोमट करून त्याला पाजलं. पाजलं म्हणते, कारण ते खरंच पीत होतं. सकाळी चोळलेलं तेल दुपारी दिसायचं नाही. पुन्हा चोळायचं. सासू म्हणाली, "लेकरालेही एवढं तेल नाही चोळलं कोनी." पण संध्याकाळी तीच बसून चोळत होती. दोन दिवसांत ते लाकडासारखं चामडं कानाच्या पाळीसारखं मऊ झालं.

माप मी वेगळं घेतलं. चाक पूर्ण उजवीकडे वळवून बाहेरच्या अंगाला सुतळीने मोजलं, मग पूर्ण डावीकडे वळवून मोजलं, आणि दोन्हींत जे जास्त भरलं ते धरलं. साहजिकच चामडं ढिलं झालं. ते ढिलं एक्सलकडच्या तोंडाला चुण्या घालून बसवलं, लुगड्याच्या निऱ्या घालते तशा, एकीवर एक. चाक वळलं की एका बाजूच्या निऱ्या उघडायच्या, दुसऱ्या बाजूच्या मिटायच्या. आत ग्रीस भरलं. शिवण वरच्या बाजूला ठेवली, चिखलापासून दूर.

राहिले क्लॅम्प. तार चामड्यात रुतते, हे एकदा पाहिलं होतं. लोखंडी पट्टी गंजते. आमच्याकडे पाणी भरायचा एक पितळी गुंड तळाला चिरलेला पडला होता. तो घेऊन मी भंडाऱ्याला पितळेचं काम करणाऱ्याकडे गेले आणि गुंडाच्या गळ्याची आणि पोटाची अशा दोन पट्ट्या कापून घेतल्या, टोकं वाकवून भोकं पाडून घेतली, बोल्ट जाईल अशी. त्याने विचारलं, "कोनत्या देवाले आहे हे?" मी म्हणाले, "चाकाले."

क्लॅम्प किती आवळायचा हे नवऱ्याने सांगितलं नाही. माझा हात धरला आणि माझीच बांगडी माझ्या मनगटावर फिरवली. "कासाराच्या हातची बांगडी पाय. उतरत नाही, पन रुतत बी नाही. तेवढाच आवळ." मी तेवढाच आवळला. मग डाव्या चाकाचा बूट जागच्या जागी नव्या वादीने टाचून घेतला. त्याचे क्लॅम्प धड होते.

ड्रायव्हर बोटं मोजून गेला, त्याच्या चौथ्या दिवशी पाणी आलं. सहाव्या दिवशी जिऱ्याचा ट्रक आला.

ड्रायव्हर म्हणाला, "ज्यानं दुरुस्त केली तो गाडीत बसन." मी म्हणाले, दोघं बसतो. नवरा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, डोकं बाहेर काढून, कान चाकाकडे करून. मी मागे, ढिवरांच्या चार बायकांबरोबर, ॲल्युमिनियमच्या हंड्यांच्या मधे. एक हंडा मला दिला. "हात घाल वैनी, आन् हालवत राय. थांबू नोको."

मी पाण्यात हात घातला. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं ते हाताला कळलं. हजारो जीव बोटांना लागून जात होते. दाबत नव्हते, टोचत नव्हते, पाणीच जिवंत असल्यासारखं होतं. पुन्हा तसाच काटा आला, सांध्याच्या वेळी आला होता तसा. ह्यातला एकेक उद्या वीतभर होईल, कोणाच्या तरी ताटात जाईल. आणि सगळा भार एका मोटेच्या चामड्यावर.

रस्ता संपला आणि बांधी लागली. रोवणीच्या वेळी असतो तसा चिखल. गाडी गुरगुरत उतरली. पुढे नाला होता, पाणी चाकाच्या अर्ध्यावर चढलं. ड्रायव्हरने नाल्यातच चाक मुद्दाम पूर्ण वळवलं, एकदा इकडे, एकदा तिकडे. मी ओरडले, "आता काहून?" तो ओरडला, "इथंच पायतो! पुढं मोडली त मी काय पोहत जाऊ?"

तेवढ्यात नवरा म्हणाला, "थांबव."

गाडी पाण्यात थांबली. बायका हात हलवायच्या थांबल्या आणि लगेच पुन्हा हलवू लागल्या. माझ्या हंड्यातलं पाणी मात्र मी क्षणभर विसरले. नवऱ्याने मान तिरकी केली होती. मलाही ऐकू आलं, टक, टक. मला तिथेच शेड मोडलेली दिसली. टिन, ओंडका, सगळं.

"इंजिन चालू ठेव, गाडी थांबली तरी वाजून राहिलं," ते म्हणाले. "चाक फिरत नाही त सांधा कसा वाजन? मागं हंड्याचं झाकण आहे. कोनीतरी पाय ठेवा त्याच्यावर."

बाजूच्या बाईने झाकणावर पाय ठेवला. आवाज बंद झाला. ती म्हणाली, "मिस्त्री, जीवच काढला न बापा!" आणि सगळ्या हसायला लागल्या, हात न थांबवता.

तलावाच्या पाळीवर पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. हंडे लगेच ओतत नाहीत. आधी तोंडापर्यंत तलावात बुडवून ठेवतात, आतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकं होऊ देतात, मग तिरके करतात. मी माझा हंडा तिरका केला. एक काळसर ढग पाण्यात निघाला, पसरला आणि दिसेनासा झाला. मेलेलं म्हणावं असं तळाला चिमूटभर राहिलं होतं. ढिवरांची एक म्हातारी म्हणाली, दरसाली ह्याच्या दसपट राहते.

परत शेडीत आल्यावर ड्रायव्हर गेला नाही. "खोल," म्हणाला. मी गाडीखाली शिरले, पितळी क्लॅम्प ढिला केला, बुटाचं तोंड मागे सारलं. बोटभर ग्रीस काढून नवऱ्याच्या हातावर दिलं. त्यांनी ते पाहिलं नाही, पाहता येत नव्हतं. दोन बोटांत धरून कानाजवळ नेलं आणि चोळलं. वाळूचा एक कण असता तरी वाजला असता. आम्ही दोघं, मी गाडीखाली आणि ड्रायव्हर उभा, त्यांच्या कानाकडे पाहत होतो.

"माती नाही," ते म्हणाले.

ड्रायव्हरने स्वतःचं बोट ग्रीसमध्ये घालून कानाजवळ चोळलं. त्याला काही कळलं नसणार. पण मान हलवली.

तो बोलल्याप्रमाणे खोटं बोलला नाही. आठ दिवसांत साऱ्या हायवेला कळलं की शहापूरच्या मिस्त्रीला दिसत नाही. त्याबरोबर बाकीचंही कळलं, नट कोण लावतं आणि बूट कोणी शिवला तेही. काही गाड्या यायच्या बंद झाल्या. काही नव्या आल्या, जंगलात लाकूड ओढणाऱ्या, तलावावर जाणाऱ्या, ज्यांचं सामान कुठे मिळत नव्हतं. कमी-जास्त होऊन शेड चालू राहिली. तो बूट मी दर पावसाळ्याआधी उघडून तेल पाजायचे. गाडी भंगारात गेली तोवर बदलावा लागला नाही.

पुढच्या चार वर्षांत नवऱ्याचा उजेडही गेला. पण शेडीत ते रोज बसायचे, पोत्यावर, पाना मांडीवर. एक दिवस बाहेरगावची जीप आली. उतरणारा माणूस अनोळखी होता. मी ट्रकखाली होते, मला फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. त्याने विचारलं, "मिस्त्री तुमीच का?"

इतकी वर्षं ते ह्याला हो म्हणत आले होते. आमचं ठरलेलं होतं ते, साऱ्या हायवेला कळल्यावरही अनोळखी गिऱ्हाईकासाठी तेच चालू होतं. मी हात थांबवून ऐकत राहिले.

मांडीवरचा पाना उचलून त्यांनी तो ट्रकच्या दिशेने धरला. दिशा बरोबर होती.

"मिस्त्री गाडीखाली आहे," ते म्हणाले. "बसा. तिचे हात मोकळे होऊ द्या."